सरकारी तारेवरचा रेडिओ

दत्तू घाडीने जन्मात एकच बेकायदा गोष्ट केली. शामराव सावंतांच्या टेलिफोनला त्याने आपला रेडिओ जोडला.

आजच्या माणसाला हे सांगितलं तर तो विचारील, मग त्यात बिघडलं काय? त्याचंही बरोबर आहे. आता टेलिफोन कांदेबटाट्यासारखा दुकानातून घेऊन येता येतो. तेव्हा तसं नव्हतं. टेलिफोन माणसाच्या घरात असे, पण माणसाचा नसे. यंत्र सरकारचं, तार सरकारची, तार भिंतीवर जिथे येऊन थांबे ती काळी डबीसुद्धा सरकारची. आपण फक्त बोलायचं, बिल भरायचं आणि वर विणलेला रुमाल घालायचा. आतल्या खोलीत दुसरं यंत्र हवं, अर्ज करा. दोरी लांब हवी, अर्ज करा. आणि खात्याला न विचारता कुणी त्या तारेला आपली तार लावली, तर खात्याची माणसं येऊन टेलिफोन उचलून नेत. वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली वस्तू एका तारेच्या तुकड्यापायी जायची.

हे सगळं दत्तूला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. उलट कायद्याच्या बाबतीत त्याच्याइतका भित्रा माणूस काळाचौकीत शोधून सापडला नसता. त्या काळी घरात रेडिओ ठेवायलाही परवाना लागे आणि तो दरवर्षी पोस्टात जाऊन नवा करावा लागे. चाळीत निम्म्या लोकांनी तो कधीच केला नव्हता. दत्तूने गिरण्यांच्या संपाच्या ऐन भरात, घरात डाळीला फोडणी द्यायची पंचाईत असताना, पोस्टात जाऊन रांग लावली. त्याचा मिलमधला जोडीदार कुशाबा कपाळावर हात मारून म्हणाला, "आरं येड्या, चूल पेटंना आन् तू रेडिओचं लायसन भरतोस व्हय?"

दत्तू शांतपणे म्हणाला, "उद्या संप मिटल्याची बातमी रेडिओवरच येणार ना? ती काय चोरून ऐकू?"

यावर कुशाबाने हात टेकले. पुढे सरकारने तो परवानाच रद्द केला, पण संप मिटल्याची बातमी काही आली नाही.

दत्तू मूळचा मालवणकडचा. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला आला आणि चुलत्याच्या ओळखीने मिलमध्ये लागला, तो साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. साचेखात्याच्या दारात नवखा माणूस उभा राहिला की त्याला वाटे आपलं डोकं फुटणार. शेकडो साचे एकदम चालत, धोटे इकडून तिकडे आपटत, जमीन पायाखाली थरथरत असे. तिथे ओरडून उपयोगच नसे. त्यामुळे साचेवाले ओठांनी बोलत. आवाज न काढता ओठ नीट उघडमीट करायचे, जोडीला हाताच्या दोनचार खुणा, की तीन साचे पलीकडच्या माणसाला कळलंच. दत्तू आणि कुशाबा अशा गप्पा मारत पाळी काढत. मुकादमाला शिव्यासुद्धा त्याच्या पाठीमागे, आवाज न काढता, पोटभर देता येत. आणि बोलणं बंद करायचं असेल तर भांडायची गरज नसे. तोंड फिरवायचं, की झालं.

त्या खात्याने दत्तूला पोटाला दिलं आणि कान काढून घेतले. एकदम नाही, थोडे थोडे. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण समोरच्याचे ओठ दिसत असले की दत्तूला सगळं कळे. त्याच्या बायकोला, सुभद्राला, मात्र लग्नानंतर लवकरच उमगलं. ती त्याच्याशी बोलताना नेहमी समोर येऊन बोले. आणि रागावली की पदर तोंडावर धरून बोले. मग ती काय काय म्हणते आहे ते दत्तूला काही केल्या कळत नसे. "पदर काढ गे तोंडावरचा," असं तो काकुळतीने म्हणे आणि शेजारीपाजारी हसत.

अशा माणसाला रेडिओ दुरुस्तीचा नाद लागावा, ही गंमतच म्हणायची. पण लागला. चोरबाजारातून त्याने एक मोडका मोठा लाकडी रेडिओ उचलून आणला. आत काचेचे व्हॉल्व, पुढे जाळीदार कापड, आणि मधोमध एक हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं की तो डोळा बारीक व्हायचा. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यातल्या माणसांच्या मागे लागून, हात भाजून घेऊन, शॉक खाऊन दत्तूने तो चालू केला. आवाज कमी ऐकू यायचा, पण लाकडावर हात ठेवला की तो बोटांना कळायचा. मग चाळीतले बिघडलेले रेडिओ त्याच्याकडे येऊ लागले. त्याचा मुलगा रघु शेजारी बसून कथलाची तार धरायचा. पोराचा हात बापापेक्षा चांगला चाले. त्याचे सांधे असे चकचकीत बसत की दत्तू ते लोकांना दाखवत फिरे. रघुला रेडिओ-टीव्हीचा डिप्लोमा करायचा होता, आणि दत्तूने त्याचं नाव घातलंही.

मग संप आला.

संपात काय झालं ते नव्याने सांगत बसण्यात अर्थ नाही. ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको, आणि ज्याने पाहिलं नाही त्याला वाटेल की लोक वाढवून सांगतात. पहिल्या महिन्यांत गिरणगावात लग्नघरासारखा उत्साह होता. पुढे चुली थंड पडू लागल्या तशी माणसं बायकापोरांना गावी धाडू लागली. दत्तूनेही सुभद्राला आणि रघुला मालवणची गाडी दाखवली. रघुचं डिप्लोमाचं वर्ष अर्ध्यावर होतं. स्टँडवर दत्तूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "संप मिटला की परत नाव घालतो. शब्द माझा."

शब्द खोटा नव्हता. दत्तूला तेव्हा खरोखरच वाटत होतं की गणपतीपर्यंत सगळं सुरळीत होईल.

आता या संपाची गोष्ट अशी, की तो कधी मिटलाच नाही. हरला, मोडला, विरला, काय वाटेल ते म्हणा, पण मागे घेतला असं कुणीही जाहीर केलं नाही. काही लोक मान खाली घालून कामावर गेले. काहींना घेतलं नाही. दत्तूची मिल तर पुन्हा धड उघडलीच नाही. आणि दत्तू अडून बसला. कुणी नुसतं बोलण्याच्या ओघात "संप मिटल्यावर" असं म्हटलं की तो त्याला अडवायचा. "मिटला? कधी? कुणी जाहीर केलं? मी रोज बातम्या ऐकतो. मला कसं कळलं नाही?" चाळीतली टवाळ पोरं मुद्दाम त्याच्यासमोर तसं म्हणत. दत्तू चिडे. पण तो नुसता हट्ट नव्हता. त्या संपावर त्याने पोराचं आयुष्य लावलं होतं. तो हरला असं तोंडाने म्हणायचं, तर मग आपण पोराला कशापायी घरी बसवलं, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. ते त्याच्याकडे नव्हतं.

रघुने गावात दोन पावसाळे भातशेती केली. मग गावच्याच एकाच्या वशिल्याने तो परस्पर दुबईला गेला. काम काय, तर एका मोठ्या दुकानाच्या गोदामात टीव्हीची आणि टेपरेकॉर्डरची खोकी उचलायची. जी यंत्रं उघडून बघायची त्याला हौस होती, ती सीलबंद खोक्यातून तो पाठीवर वाहत होता. सुभद्रा मुंबईला परतली. रघुचे पैसे वेळेवर येत. एकदा कुणाबरोबर त्याने एक झकास टू-इन-वनही पाठवला. दत्तूने लगेच तो उघडून पाहिला, आणि आत व्हॉल्वऐवजी चिपांचे ते काळे किडे पाहून पुन्हा मिटून ठेवला. पैसे येत, वस्तू येई, पण रघु येत नसे. दोन वर्षांनी रजा मिळते, तेव्हा बरोबरची पोरं येऊन जात. रघु रजेतही तिकडेच काम धरी.

पत्राचा त्याला कंटाळा. तो फोन करी, शुक्रवारी, कारण तिकडे शुक्रवारी सुट्टी. चाळीत टेलिफोन एकच, तिसऱ्या मजल्यावर शामरावांकडे. शामराव मिलच्या ऑफिसात होते. त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांचे केस काळे होते. टेलिफोन आला तेव्हा राधाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याला हळदकुंकू लावताना म्हणाल्या, "माझ्या लग्नात हे इतके खूश नव्हते." डायलला त्यांनी छोटं कुलूप घातलं होतं, पण आलेल्या फोनला मज्जाव नव्हता. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचा म्हातारा गेला, सगळं त्या काळ्या यंत्रातूनच चाळीत येई. शामराव गॅलरीत येऊन हाक मारत, आणि ज्याला हाक मारली तो धावत जिना चढे.

रघुचा फोन आला की दोघंही जात. सुभद्रा रिसीव्हर कानाला लावी, दत्तू तिच्यासमोर पाटावर बसे. टेलिफोनला ओठ नसतात. दत्तूने सुरुवातीला कानाला लावून पाहिला होता, पण आत माशी अडकल्यासारखं काहीतरी वाजे, बाकी काही नाही. म्हणून तो आधी मोठ्याने "बरा आहेस ना रे?" एवढं म्हणे आणि रिसीव्हर सुभद्राच्या हातात देई. मग रघु बोले, सुभद्रा ऐके, आणि दत्तूकडे बघून आवाज न काढता ओठांनी सांगे. साच्यांवरची ती भाषा ती नवऱ्याकडूनच शिकली होती.

"बरा आहे म्हणतोय."

"तुमचे गुडघे कसे विचारतोय."

"अजून रेडिओ घेऊन बसतात काय विचारतोय. हसतोय."

दत्तू खूश होई. शेवटी तो नेहमीचा प्रश्न टाकी, "कधी येतो विचार."

सुभद्रा विचारी. थोडा वेळ ऐके. मग ओठांनी सांगे, "रजा मिळाली की येतो म्हणतोय."

असं कितीतरी शुक्रवार चाललं. दत्तूचं त्यात भागायला हरकत नव्हती. पण माणसाचं मन विचित्र. एक दिवस तो रेडिओ साफ करत असताना त्याची नजर मागच्या बाजूच्या दोन भोकांवर गेली. त्या जुन्या रेडिओंना मागे ग्रामोफोन जोडायची सोय असे. तबकडीचा बारीक आवाज त्या भोकांतून आत जाई आणि मोठा होऊन पुढून बाहेर पडे. दत्तू हातातलं फडकं तसंच धरून बसला. तबकडीचा आवाज आत जातो, तर टेलिफोनचा का जाणार नाही? पोराचा आवाज त्याने शेवटचा मालवणच्या गाडीपाशी ऐकला होता, तोही अर्धामुर्धा. तेव्हा रघुला नीट मिशी नव्हती. आता तो कसा बोलत असेल?

त्याने सुभद्राला हे सांगितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"कित्याक हात लावतास त्या डब्याक?" ती म्हणाली. "सरकारी वस्तू ती. शामरावांचो फोन जायत. लोक शिव्या घालतीत."

"पाच मिनिटांचं काम. जोडायचं, ऐकायचं, काढून टाकायचं."

"मी सांगतंय ना तुमका सगळा? माझ्या सांगण्यात काय कमी पडता?"

"तू सांगतेस गे," दत्तू म्हणाला, "पण आवाज तुझा नसतोच. नुसते ओठ असतात. मला त्याचा आवाज ऐकायचाय."

सुभद्राने पदर तोंडावर धरला आणि ती बरंच काही बोलली. दत्तूला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्याला वाटलं, बाई कायद्याला घाबरते आहे. आपणही घाबरतोच की, तो स्वतःशी म्हणाला.

शामरावांना राजी करायला फार कष्ट पडले नाहीत. "दत्तू, लफडं होणार नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांनाही पोरं होती. दत्तूने काळ्या डबीचं झाकण खोललं, दोन तारा बाहेर काढल्या, मध्ये एक कंडेन्सर आणि एका मेलेल्या रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर घातला आणि आपल्या रेडिओच्या मागच्या भोकांत टोकं खुपसली. पहिल्यांदा रेडिओ खोलीतच ठेवला, तर रिसीव्हर उचलताच अशी काही शिट्टी फुटली की राधाबाईंच्या हातातली बशी पडली. रेडिओचा आवाज रिसीव्हरमध्ये शिरून गोल गोल फिरत होता. तेव्हा रेडिओ लांब ठेवायला हवा, मध्ये दार हवं. दत्तूने तार लांबवली आणि रेडिओ बाहेर गॅलरीत स्टुलावर आणून ठेवला. शामरावांनी आत कुलूप काढून वेळ सांगणारा नंबर फिरवला. हिरवा डोळा लुकलुकला, आणि गॅलरीभर एका बाईचा आवाज घुमला. किती वाजले ते ती सांगत होती. दत्तूने जाळीला कान लावला होता. त्याला ती ऐकू आली. टेलिफोनमधलं माणूस त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तो कितीतरी वेळ तिची वेळ ऐकत उभा राहिला आणि शेवटी शामरावांना बिलाची आठवण झाली.

आता, गॅलरीत रेडिओ ठेवल्यावर चाळ जमणार नाही तर काय होणार? शुक्रवार कामाचा वार, पण संपवाल्यांना सगळे वार रविवारच. साचेखात्यातले जुने लोक आले, कुशाबा सगळ्यांत पुढे. बायका तांदूळ निवडायची ताटं घेऊन बसल्या. दत्तूचा झील दुबईहून बोलणार आणि सगळ्यांना ऐकू येणार, म्हणजे काय साधी गोष्ट! कुणी दत्तूला म्हणालं, "घाडी, आज तुमचं स्टेशन." दत्तूने धुतलेला सदरा घातला होता. रेडिओ तापायला वेळ लागतो म्हणून त्याने तो केव्हाच चालू करून ठेवला होता. सुभद्रा आत टेलिफोनपाशी बसली होती. दार लोटलेलं होतं, पण खिडकीच्या गजांमधून ती दिसत होती. तिने दोनदा दत्तूकडे बघून मान हलवली. नको, नको. दत्तूने हात उंचावून तिला धीर दिला.

घंटी वाजली. सुभद्राने रिसीव्हर उचलला.

"आई?"

गॅलरीतली कुजबुज बंद पडली. रघुचा आवाज जाड झाला होता. बापासारखाच. दत्तूने लाकडावर हात ठेवला, आवाज बोटांनाही लागत होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने कुणाकडे न बघता ते पुसले. कान जाळीला टेकवून तो खिडकीतून सुभद्राचे ओठ पाहत होता. त्यामुळे आज पहिल्यांदाच त्याला दोन्ही बाजू कळत होत्या.

"रघु," सुभद्रा घाईघाईने म्हणाली, "आज बाबा ऐकतायत हां तुझं. रेडिओ लावलाय फोनला. त्यांना सगळं ऐकू जातंय."

रेडिओतून हसू आलं. "आई, पुरे गो. त्यांना कुठे ऐकू येतं? दर वेळी तुझं आपलं तेच. बाबा आठवण काढतात, बाबा विचारतात. मी काय लहान आहे?"

"नाही रे, खरंच..."

"बरं, बरं. कधी येतोस विचारतायत ना? मग नेहमीचंच सांग त्यांना. संप मिटला की येतो म्हणावं. संप मिटला की परत नाव घालणार होते ना माझं? मिटला की कळवा म्हणावं. मी तयारच आहे."

रेडिओ चांगलाच मोठा लावला होता. शब्द चाळीच्या खालच्या नळापर्यंत गेले असतील. बायकांची बोटं तांदळात थांबली. साच्यांवरची माणसं, जी रोज संपाबद्दल तासन् तास बोलत, ती कठड्याकडे बघू लागली. कुशाबाचे कानही दत्तूसारखेच गेलेले. त्याने शेजारच्याला मोठ्याने विचारलं, "काय म्हनला पोरगा?" त्याला कुणी सांगितलं नाही. "आरं काय म्हनला?" त्याने पुन्हा विचारलं.

दत्तूने बटण फिरवलं. टक् असा आवाज झाला आणि हिरवा डोळा हळूहळू विझला. खिडकीत सुभद्रा रिसीव्हर धरून बसली होती, आणि तिने पदर तोंडावर घेतला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर दत्तूने तिला एवढंच विचारलं, "दर वेळी हेच म्हणायचा?"

सुभद्रा समोर येऊन बसली. "दर वेळी नाय," ती म्हणाली. "कधी कधी विषय काढू नकोस म्हणायचो." मग म्हणाली, "गुडघ्यांचा मात्र खराच विचारल्यान होता. एकदा."

दत्तू तिच्यावर रागावला नाही. रागवायला तिने काय केलं होतं? इतकी वर्षं तिने एकटीने ते ऐकलं होतं, आणि नवऱ्यासमोर हसत्या तोंडाने दुसरंच सांगितलं होतं. पोराचंही काही चुकलं नव्हतं. ज्याचं चुकलं होतं त्याला आता तोंड नव्हतं.

यातही दत्तूच्या मनात एक आशा होती. पुढच्या शुक्रवारी आपण रिसीव्हर हातात घ्यायचा आणि बोलायचं. ऐकू येवो न येवो, बोलता तर येतं. काय बोलायचं ते तो जुळवू लागला. पण त्याच्या हातून एक चूक होऊन बसली होती. त्या दिवशी तो रेडिओ तसाच टाकून खाली उतरला. तारा काढायच्या राहिल्या. शामराव मनाचे मोठे, त्यांनी रेडिओ आत घेतला, कोपऱ्यात ठेवला, पण तारांना हात लावला नाही. मला काय कळतं, दत्तू येऊन काढेल. आणि दत्तूला तो जिना चढवेना. त्या दुपारबद्दल कुणी दत्तूशी बोलायचं नाही असं चाळीने न ठरवताच ठरवलं होतं, त्यामुळे तारांबद्दलही कुणी बोललं नाही.

दोनचार दिवसांत शामरावांच्या टेलिफोनवर घूं घूं असा आवाज येऊ लागला. पलीकडचं बोलणं कळेना. शुक्रवारी रघुचा फोन आला, तोही त्या घूं घूंमध्येच बुडाला. शामरावांनी साध्या मनाने तक्रार नोंदवली. तक्रार नोंदवताना भिंतीवरच्या डबीतून बाहेर लोंबणाऱ्या तारा त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पण त्या त्यांना तोवर घरच्याच वाटू लागल्या होत्या.

लाइनमन आला तो सभ्य माणूस होता. त्याने डबी पाहिली, तारेच्या मागे मागे कोपऱ्यापर्यंत गेला, रेडिओ पाहिला आणि म्हणाला, "काका, हे काय केलंत?" दत्तूला कळताच तो धावत वर आला. "मी केलं. यांचा काही संबंध नाही. माझं नाव लिहा." त्याने हात जोडले. लाइनमन खाली बघत म्हणाला, "तुमच्या नावावर फोन नाही ना. ज्याच्या नावावर फोन, त्याच्यावर येतं. मला वर सांगावंच लागतं." शामरावांनी अर्ज केले, ओळखी काढल्या, ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. एक दिवस दोन माणसं येऊन टेलिफोन घेऊन गेली. राधाबाईंनी विणलेला रुमाल घडी करून ठेवला.

कुणी दत्तूला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शामराव जिन्यात भेटले की बाजूला होऊन वाट देत, बोलत नसत. कुणाचा म्हातारा गावी वारला आणि तार उशिरा पोचली, की लोक दत्तूच्या दाराकडे न बघता पुढे जात. दुबईला जाणाऱ्या एका माणसाबरोबर दत्तूने निरोप धाडला, फोन बंद झालाय, तूच पत्र टाक. तो माणूस परत आल्यावर म्हणाला, "भेटला. कळलं म्हणाला." पैसे येत राहिले. पत्र आलं नाही. दत्तूने रेडिओ पलंगाखाली ढकलला आणि लोकांची दुरुस्तीही बंद केली. बातम्यांच्या वेळेला मात्र तो शेजारच्या दारात जाऊन उभा राही, सवयीने.

वर्षं गेली. मिलमधले साचे भंगारात निघाले. ते लॉरीत चढवताना दत्तू आणि कुशाबा रस्त्याच्या पलीकडून बघत होते, आवाज न काढता ओठांनी बोलत होते. कुशाबा त्यानंतर गावी गेला आणि तिथेच वारला. दत्तूशी त्या भाषेत बोलणारं आता फक्त सुभद्रा उरली. संपाचं कुणी काढलं तर दत्तू अजूनही म्हणे, "मागे कुणी घेतला?" पण आता पोरंही त्याला चिडवत नव्हती. त्यांना संप म्हणजे काय तेच नीट ठाऊक नव्हतं.

आणि मग नियमही बदलले. टेलिफोन लवकर मिळू लागले. यंत्र आपलं आपण दुकानातून आणायची मुभा झाली. शामरावांच्या सुनेने ग्रँट रोडकडून एक बटणांचं यंत्र आणलं आणि स्वतःच्या हाताने तार खुपसून चालू केलं. कुणी तिला विचारायला आलं नाही. शामराव म्हातारे झाले होते. त्यांनी सुभद्राला नंबर दिला, रघुला कळव म्हणाले. आणि एका शुक्रवारी ते स्वतः जिना उतरून दत्तूच्या दारात आले. कितीतरी वर्षांनी त्यांनी त्याला हाक मारली. "दत्तू, रघुचा फोन आहे. पुन्हा करतो म्हणालाय. चल."

दत्तू वर गेला. सुभद्रा टेलिफोनपाशी बसली, तो तिच्यासमोर, पूर्वीसारखाच. फक्त पाटाऐवजी खुर्ची होती. घंटी वाजली तेव्हा शामरावांची सून पुढे झाली आणि दत्तूला नीट दिसेल असं तोंड करून म्हणाली, "काका, हे बटण दाबलं ना, की आवाज सगळ्यांना ऐकू येतो. तुम्हालाही येईल. दाबू?"

दत्तूने बटणावर आपला हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "नको," तो म्हणाला. "ही सांगेल."

सुभद्रा बोलली, तिने ऐकलं. बरा आहे म्हणतोय, तिने ओठांनी सांगितलं. तब्येतीला जपा म्हणतोय. दत्तू मान हलवत राहिला. मग ती थांबली, कारण आता त्याने नेहमीचा प्रश्न विचारायचा होता. दत्तूने तो विचारला नाही.

"त्याला सांग," तो म्हणाला, "संप मिटला."

शामरावांनी मान वर केली. राधाबाई दारात थबकल्या. सुभद्राचे डोळे मोठे झाले.

"सांग. मी म्हणतोय म्हणून सांग. बाबा म्हणतात, संप मिटला. हरलो. आता ये म्हणावं."

त्याचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, रिसीव्हरमधून पलीकडे नक्की गेला असेल. तरी सुभद्राने ते शब्द जसेच्या तसे सांगितले. मग ती ऐकू लागली. खूप वेळ ऐकत होती, किंवा दत्तूला तसं वाटलं. बटणावर त्याचा हात होता. नुसतं बोट दाबलं असतं तरी पुरे होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

शेवटी तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि त्याच्याकडे वळून एकेक शब्द नीट उच्चारत, पण आवाज न काढता ती म्हणाली, "रजा मिळाली की येतो म्हणतोय."

"बरं," दत्तू म्हणाला.

सुनेने चहा केला. तो त्यांनी घेतला. शामरावांनी गुडघ्यांची चौकशी केली. मग सुभद्राने पदर तोंडावर घेतला आणि दोघं निघाली. जिना उतरताना दत्तूने बायकोला काही विचारलं नाही, आणि सुभद्राने घरी पोचेपर्यंत तोंडावरचा पदर काढला नाही.